पत्ता कोणाला विचारायचा?

रात्रीचे सव्वादहा वाजले होते. नागपूरहून भाचीचा फोन आला. "मावशी, नेट गेलंय. आणि बारापर्यंत फॉर्म भरायचाय."

एका शिष्यवृत्तीच्या अर्जाचा तो शेवटचा दिवस होता. कागदपत्रे तयार होती, छायाचित्र हवे त्या आकारात कापून ठेवलेले होते. पण घरच्या वाय-फायवर एकही पान उघडत नव्हते. मोबाइलचा त्या दिवसाचा डेटा सकाळच्या ऑनलाइन व्याख्यानांतच संपला होता. इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीच्या मदत क्रमांकावरून "राऊटर बंद करून पुन्हा चालू करा" एवढेच उत्तर मिळत होते, आणि तिने ते तीन वेळा करून पाहिले होते.

मी बंगळुरूत बसून विचारले, "राऊटरवर लाल दिवा आहे का?"

"नाही गं. सगळे हिरवेच आहेत."

म्हणजे फायबर तुटलेली नव्हती. मी तिला लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्टची काळी खिडकी उघडायला लावली आणि तीन प्रश्न विचारायला सांगितले. पहिला, 'पिंग १९२.१६८.१.१', म्हणजे घरातल्या राऊटरलाच हाक. उत्तर आले. दुसरा, 'पिंग ८.८.८.८', म्हणजे घराबाहेरच्या, सहसा बंद न पडणाऱ्या एका यंत्राला हाक. तिथूनही काही मिलिसेकंदांत उत्तर आले. तिसरा प्रश्न त्या शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळाचे नाव घेऊन. या वेळी यंत्राने सांगितले की या नावाचे ठिकाण सापडत नाही. दुसऱ्या दोन-तीन प्रसिद्ध संकेतस्थळांची नावे घेऊन पाहिली, उत्तर तेच.

दुखणे कळले. रस्ता मोकळा होता, गाडी चालत होती. पत्ता सांगणारा मात्र गप्प होता. राऊटरच्या पानावर 'डीएनएस' नावाचे दोन रकाने सापडले. त्यांतले जुने आकडे मी तिला आधी वहीत उतरवून घ्यायला सांगितले आणि त्या जागी दुसऱ्या एका सार्वजनिक सेवेचे आकडे भरायला लावले. वाय-फाय पुन्हा जोडल्यावर पान उघडले. अकरा वाजून वीस मिनिटांनी अर्जाची पोचपावती आली.

तो अर्ज गेला नसता, तर त्या कार्यालयाच्या नोंदीत 'मुदतीत अर्ज नाही' एवढेच राहिले असते. तिच्या घरी इंटरनेट होते आणि फक्त एक नाव सापडत नव्हते, हे कोणत्याही रकान्यात लिहिता आले नसते. आपल्या देशात प्रवेश, परीक्षा, शिष्यवृत्ती, नोकरी यांपैकी बहुतेक सारे आता अशाच एखाद्या पानावरून सुरू होते. म्हणून हा पत्ता सांगणारा कोण, तो कुठून आला आणि त्याच्यावर आपण किती विसंबतो, याचा इतिहास विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असायला हवा, असे मला त्या रात्री वाटले.

एक वही आणि एक कार्यालय

ऑक्टोबर १९६९ मध्ये अमेरिकेतील लॉस एंजेलिसचे कॅलिफोर्निया विद्यापीठ आणि मेन्लो पार्क येथील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूट यांच्यामध्ये अर्पानेटचा पहिला दुवा जोडला गेला. यंत्रे एकमेकांना आकड्यांनी ओळखतात. माणसाला आकडे लक्षात राहत नाहीत. म्हणून प्रत्येक यंत्राला एक नाव दिले जाऊ लागले, आणि कोणत्या नावाचा आकडा कोणता याची यादी कोणीतरी ठेवणे भाग पडले.

ती यादी ठेवणाऱ्या गटाच्या प्रमुख होत्या एलिझाबेथ फाइनलर. त्यांचे मूळ शिक्षण रसायनशास्त्राचे. रासायनिक संयुगांची प्रचंड माहिती कशी लावून ठेवतात, या कुतूहलातून त्या माहितीशास्त्राकडे वळल्या आणि पुढे मेन्लो पार्कमध्ये अर्पानेटचे माहिती केंद्र चालवू लागल्या. नवीन यंत्र जोडायचे असेल, तर या केंद्राला कळवायचे. तेथील लोक 'होस्ट्स' नावाच्या एका साध्या फाइलमध्ये एक ओळ वाढवणार. आणि जाळ्यातील प्रत्येक यंत्राने ती फाइल वेळोवेळी तेथून उतरवून घ्यायची. साऱ्या जाळ्याचा पत्ता एका वहीत होता.

जाळे लहान होते तोवर हे चालले. अडचण कोठे होती, ते साध्या गणिताने दिसते. यंत्रे दुप्पट झाली की वही दुप्पट जाड होते, आणि ती उतरवून घेणारेही दुप्पट होतात. म्हणजे वही वाटण्यासाठी लागणारी वाहतूक चौपट होते. यंत्रांच्या संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात ती वाढते. शिवाय नवी ओळ लिहिली जाऊन सर्वदूर पोहोचेपर्यंत जुन्या प्रती फिरत राहत. दोघांनी एकच नाव मागितले, तर निवाडा मेन्लो पार्कमध्ये होई. जाळे वाढत राहिले असते, तर वही वाटण्यातच ते दमून गेले असते.

ती वही पूर्णपणे नाहीशी मात्र झाली नाही. तुमच्या संगणकात, मग तो विंडोज असो वा लिनक्स, आजही 'होस्ट्स' नावाची एक छोटी फाइल असते. कोणतेही नाव बाहेर विचारण्याआधी संगणक सहसा तिच्यात डोकावतो. एखाद्या घातक प्रोग्रामने तिच्यात खोटी ओळ घुसवली, तर राऊटर कितीही वेळा चालू-बंद केला तरी ते एक संकेतस्थळ भलतीकडेच नेते.

वहीचे झाड झाले

१ जानेवारी १९८३ रोजी अर्पानेटने टीसीपी/आयपी ही नवी संवादपद्धती स्वीकारली, आणि जाळे झपाट्याने वाढणार हे स्पष्ट झाले. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या इन्फर्मेशन सायन्सेस इन्स्टिट्यूटमध्ये जॉन पोस्टेल यांनी पॉल मोकापेट्रिस या तरुण सहकाऱ्याकडे नावांचा प्रश्न सोपवला. आधीच पाच प्रस्ताव पुढे आले होते. त्यांतून तडजोड काढावी, अशी अपेक्षा होती. मोकापेट्रिस यांनी तडजोडीऐवजी स्वतःचीच नवी रचना मांडली. भौतिकशास्त्र आणि विद्युत अभियांत्रिकी या दोन्ही विषयांची पदवी घेतलेल्या या माणसाने नोव्हेंबर १९८३ मध्ये दोन दस्तऐवज प्रसिद्ध केले, आणि 'डोमेन नेम सिस्टिम' म्हणजेच डीएनएस जन्माला आली. १९८७ मध्ये सुधारून लिहिलेले तिचे दोन मूलभूत दस्तऐवज आजही पाया म्हणून वापरले जातात.

त्यांची मुख्य कल्पना अशी, की पूर्ण वही कोणाकडेच नसावी. आपला टपालाचा पत्ता आठवा: घर, गल्ली, गाव, तालुका, जिल्हा, राज्य. टपाल खात्याच्या दिल्लीतील अधिकाऱ्याला तुमच्या गल्लीचे नाव ठाऊक असण्याची गरज नसते. तुमचे राज्य कोठे हे त्याला कळले म्हणजे पुरे. 'आयआयएससी.एसी.इन' हे नाव असेच उजवीकडून डावीकडे वाचावे. झाडाच्या मुळाशी असलेले रूट सर्व्हर सांगतात, "'इन'ची माहिती कोणाकडे आहे ते सांगतो." 'इन'चे सर्व्हर सांगतात, "'एसी.इन'बद्दल तिकडे विचारा." तेथून शेवटी भारतीय विज्ञान संस्थेच्या स्वतःच्या सर्व्हरचा पत्ता मिळतो, आणि तो सर्व्हर नेमका आकडा देतो. प्रत्येक फांदीची जबाबदारी त्या फांदीवरच्या माणसांची.

दुसरी कल्पना तितकीच महत्त्वाची. एकदा मिळालेले उत्तर काही काळ जवळ ठेवायचे. किती काळ, हे उत्तर देणाराच सांगतो: पाच मिनिटे, एक तास, एक दिवस. ती मुदत संपली की उत्तर टाकून द्यायचे आणि पुन्हा विचारायचे. यामुळे जगभरचे अब्जावधी प्रश्न झाडाच्या मुळापर्यंत जातच नाहीत. बहुतेकांचे उत्तर वाटेतच मिळते. संकेतस्थळ नव्या यंत्रावर हलवल्यावर कोणाला नवे पान दिसते आणि कोणाला काही तास जुनेच दिसत राहते, त्याचे कारण ही मुदत.

ही सारी पायपीट तुमचा लॅपटॉप करत नाही. तो राऊटरला विचारतो, राऊटर तो प्रश्न सेवादात्याच्या किंवा तुम्ही निवडलेल्या डीएनएस सर्व्हरकडे पाठवतो, आणि तो सर्व्हर झाडावर चढून उत्तर आणतो. राऊटरच्या त्या दोन रकान्यांत याच धावपळ्याचा पत्ता असतो. तो पत्ता नावाने देता येत नाही, आकड्यांनीच द्यावा लागतो. कारण नावे शोधून देणाऱ्याचेच नाव शोधायचे, तर विचारणार कोणाला?

हाक मारणे आणि वाट मोजणे

भाचीने वापरलेला 'पिंग' याच काळातला. अमेरिकी लष्कराच्या बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरीत माइक म्यूस यांना डिसेंबर १९८३ मध्ये जाळ्याच्या विचित्र वागण्याचा उलगडा करायचा होता. त्यांनी एका संध्याकाळी हा छोटा प्रोग्राम लिहून काढला. पाणबुडीचा सोनार जसा आवाजाची लहर सोडून प्रतिध्वनीची वाट पाहतो, तसा हा एक पॅकेट सोडतो आणि ते परत यायला किती वेळ लागला हे मोजतो. सोनारच्या आवाजावरूनच त्याला 'पिंग' हे नाव मिळाले.

पॅकेट परत आलेच नाही, तर ते वाटेत कोठे अडले? हे शोधणारा 'ट्रेसराऊट' लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेतील व्हॅन जेकबसन यांनी लिहिला. प्रत्येक पॅकेटवर एक आकडा असतो. वाटेतला प्रत्येक राऊटर तो एकाने कमी करतो, आणि आकडा शून्य झाला की पॅकेट टाकून देऊन पाठवणाऱ्याला तसे कळवतो. पॅकेट अनंत काळ गोल फिरत राहू नये, म्हणून केलेली ही सोय. जेकबसन यांनी मुद्दाम एक, मग दोन, मग तीन असे आकडे देऊन पॅकेटे सोडली. पहिले पॅकेट पहिल्या राऊटरपाशी संपले, दुसरे दुसऱ्यापाशी. आणि प्रत्येक ठिकाणाहून आलेल्या निरोपांवरून पूर्ण वाट उलगडली. संपण्याच्या निरोपातून वाटेचा नकाशा काढण्याची ही युक्ती प्रयोगशाळेत वाढलेल्या माणसाला शोभणारी आहे.

भारतातील फांदी

१९८६ मध्ये भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने 'अर्नेट' हा शैक्षणिक जाळ्याचा प्रकल्प सुरू केला. त्यात आठ भागीदार होते: मुंबई, दिल्ली, कानपूर, खरगपूर आणि मद्रास येथील पाच आयआयटी, बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था, मुंबईचे नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी, आणि स्वतः इलेक्ट्रॉनिक्स विभाग. यांपैकी मुंबईच्या जुहू येथील सॉफ्टवेअर केंद्राचे मूळ टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. त्याचे संचालक डॉ. श्रीनिवासन रमणी यांचे नाव पुढे, २०१४ मध्ये, 'इंटरनेट हॉल ऑफ फेम'मध्ये समाविष्ट झाले. सुरुवातीला जुहू आणि पवई यांच्यामध्ये साध्या टेलिफोन लाइनवरून ईमेलची देवाणघेवाण होई. लाइन लागेपर्यंत पत्रे साठवून ठेवायची आणि लागली की एकगठ्ठा पाठवायची, अशी ती पद्धत होती.

मे १९८९ मध्ये नावांच्या जागतिक झाडावर 'इन' ही भारताची फांदी नोंदवली गेली, आणि तिची निगा याच केंद्राकडे आली. सर्वसामान्य भारतीयाला इंटरनेट मिळायला अजून सहा वर्षे होती. विदेश संचार निगमने ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी खुले केले. म्हणजे ही फांदी आधी विद्यापीठांची आणि प्रयोगशाळांची होती. पीएच.डी.च्या काळात नव्वदच्या दशकातील शोधनिबंध चाळताना लेखकांच्या नावाखाली 'आयआयएससी.अर्नेट.इन' असे ईमेल पत्ते दिसत. ते तेव्हा मला जुनाट वाटत. आता त्यांत एका जाळ्याचा वंशवृक्ष दिसतो.

पुढची पंधरा वर्षे 'इन'मधील नावे मिळवणे सोपे नव्हते. नियम कडक होते आणि एकूण नावे काही हजारांच्या पुढे गेली नव्हती. २००३ मध्ये 'निक्सी' ही संस्था स्थापन झाली. तिचे पहिले काम वेगळेच होते. तोवर भारतातील एका सेवादात्याकडून दुसऱ्याकडे जाणारे पॅकेटही पुष्कळदा परदेशात जाऊन परत येई. ते देशातल्या देशात वळवता यावे, म्हणून निक्सीने सेवादात्यांना एकत्र जोडणारी केंद्रे उभारली. जानेवारी २००५ पासून 'इन'चे व्यवस्थापनही निक्सीकडे आले आणि नोंदणी सर्वांना खुली झाली.

त्याच वर्षी आणखी एक गोष्ट घडली. रूट सर्व्हरांची नावे तेराच आहेत. सुरुवातीच्या नियमांनुसार उत्तराचे पॅकेट ५१२ बाइटांत बसवायचे होते, आणि तेवढ्या जागेत तेरांचेच पत्ते नीट मावत; म्हणून तेरा. यांपैकी दहा अमेरिकी संस्थांकडे, आणि उरलेले स्वीडन, नेदरलँड्स व जपान येथील संस्थांकडे. मात्र एकाच पत्त्याच्या अनेक प्रती जगभर ठेवून प्रश्न सर्वांत जवळच्या प्रतीकडे वळवता येतो. २००५ मध्ये अशा प्रती मुंबई, नोएडा आणि चेन्नई येथे बसल्या. समुद्राखालच्या केबलवर संकट आले तरी 'इन'चा पत्ता विचारण्यासाठी समुद्र ओलांडावा लागू नये, याची ती तजवीज होती.

२७ ऑगस्ट २०१४ रोजी देवनागरीतील '.भारत' सुरू झाले आणि मराठी, कोकणी, हिंदी, मैथिली, नेपाळी, सिंधी, डोगरी व बोडो या आठ भाषांना आपल्या लिपीत संकेतस्थळाचे नाव घेता येऊ लागले. आतून डीएनएसची वही अजूनही रोमन अक्षरांचीच आहे. ब्राउझर देवनागरी नावाचे रोमन अक्षरे, अंक आणि जोडरेघा यांत रूपांतर करून मगच प्रश्न पाठवतो.

उत्तर देणारा खोटे बोलला तर?

मोकापेट्रिस यांच्या रचनेत एक गोष्ट गृहीत होती: उत्तर देणारा प्रामाणिक आहे. जाळे लहान होते, माणसे एकमेकांना ओळखत होती. हे गृहीतक २००८ मध्ये उघडे पडले.

डीएनएसच्या प्रत्येक प्रश्नावर १६ बिटांचा एक क्रमांक असतो, म्हणजे ६५,५३६ शक्यता. खरे उत्तर येण्याआधी तोच क्रमांक टाकून खोटे उत्तर पोहोचवले, तर सर्व्हर ते खरे मानतो. पण एकदा खरे उत्तर साठवले गेले, की मुदत संपेपर्यंत दुसरी संधी मिळत नाही. म्हणून धोका मर्यादित समजला जाई. डॅन कामिन्स्की या संशोधकाच्या लक्षात आले, की अस्तित्वातच नसलेली नावे विचारत राहिले, तर प्रत्येक नाव ही नवी संधी असते. अशा एका खोट्या उत्तरासोबत "या बँकेच्या नावांसाठी यापुढे अमुक यंत्राला विचारा" असा निरोप जोडला, की पूर्ण फांदीच चोराच्या हाती जाते. काही सेकंदांत हे करता येत होते.

कामिन्स्की यांनी ही गोष्ट गाजावाजा न करता डीएनएसच्या जाणकारांना कळवली. ३१ मार्च २००८ रोजी मायक्रोसॉफ्टच्या आवारात एक छोटी गुप्त बैठक झाली, आणि ८ जुलै रोजी अनेक कंपन्यांनी एकाच दिवशी दुरुस्ती प्रसिद्ध केली. क्रमांकाबरोबर प्रश्न कोणत्या पोर्टवरून निघाला, हेही यादृच्छिक करायचे, अशी ती दुरुस्ती. शक्यता ६५ हजारांवरून शेकडो कोटींच्या घरात गेल्या. हा अर्थात बांध होता, पाया नव्हे. उत्तरावर गणिती स्वाक्षरी करण्याची 'डीएनएससेक' ही पद्धत हा खरा उपाय. झाडाच्या मुळावर अशी स्वाक्षरी १५ जुलै २०१० पासून होऊ लागली, परंतु फांद्यांवर ती अजूनही सर्वत्र पोहोचलेली नाही.

दुसरी घटना थेट घरातल्या राऊटरशी जोडलेली आहे. 'डीएनएसचेंजर' नावाचा घातक प्रोग्राम संगणकातील, आणि राऊटरचा मूळ पासवर्ड बदललेला नसेल तर राऊटरमधीलही, डीएनएसचे आकडे बदलून टाके. लोक योग्य नाव टाकत आणि एस्टोनियातून चालणाऱ्या एका टोळीचे सर्व्हर त्यांना हव्या त्या जाहिरातींकडे नेत. शंभरांहून अधिक देशांत सुमारे ४० लाख संगणक या जाळ्यात सापडले, आणि टोळीने सुमारे १ कोटी ४० लाख डॉलर मिळवले. नोव्हेंबर २०११ मध्ये अमेरिकी एफबीआयने एस्टोनियाच्या पोलिसांसह कारवाई करून ते सर्व्हर ताब्यात घेतले.

तेथे एक पेच उभा राहिला. चोराचे सर्व्हर बंद करावेत, तर लाखो निरपराध माणसांचे इंटरनेट त्याच क्षणी बंद पडणार. कारण त्यांचे संगणक पत्ता त्या चोरालाच विचारत होते. शेवटी न्यायालयाच्या आदेशाने त्याच आकड्यांवर प्रामाणिक सर्व्हर बसवले गेले आणि लोकांना आपापली यंत्रे दुरुस्त करायला मुदत मिळाली. ती मार्च २०१२ पर्यंत होती, नंतर जुलैपर्यंत वाढली. ९ जुलै २०१२ रोजी ते सर्व्हर बंद झाले. तोपर्यंत न सुधारलेली यंत्रे दोन लाखांहून अधिक होती, आणि अशी यंत्रे सर्वाधिक उरलेल्या देशांत भारतही होता. त्या दिवशी त्या घरांतले राऊटर कसे दिसले असतील? सगळे दिवे हिरवे, आणि एकही पान उघडत नाही. भाचीने सांगितले होते, अगदी तसेच.

दोष घराबाहेरचा असतो तेव्हा

४ ऑक्टोबर २०२१ रोजी भारतात रात्री नऊच्या सुमारास फेसबुक, व्हॉट्सअ‍ॅप आणि इन्स्टाग्राम एकदम गप्प झाले. अनेकांनी राऊटर बंद-चालू केले, कित्येकांनी कंपनीला फोन लावले. घडले होते ते असे: देखभालीच्या एका चुकीच्या आज्ञेने कंपनीची केंद्रे एकमेकांपासून तुटली, आणि तिच्या डीएनएस सर्व्हरांकडे जाणाऱ्या वाटांची घोषणाच मागे घेतली गेली. नावे होती, यंत्रे होती, पण त्या नावांचा पत्ता सांगणाऱ्यापर्यंत जगातले कोणीही पोहोचू शकत नव्हते. पूर्ववत व्हायला सुमारे सहा तास लागले. अशा वेळी आपल्या राऊटरमधील आकडे बदलून काहीही उपयोग होत नाही. एक संकेतस्थळ बंद की सगळीच बंद, हे आधी पाहावे, ते यासाठी.

आपल्या घरापुरते

या सगळ्या इतिहासातून घरी वापरता येईल अशी एक उतरंड हाती येते. आधी दिवे पाहा. लाल दिवा असेल, तर फायबरचा दोष आणि कंपनीचे काम. मग राऊटरला हाक द्या. उत्तर नसेल, तर दोष वाय-फायचा किंवा घरातल्या तारेचा. मग बाहेरच्या एखाद्या आकड्याला हाक द्या. उत्तर नसेल, तर दोष कंपनीच्या वाटेवर. आकड्याला उत्तर येते पण कोणत्याच नावाला येत नाही, तेव्हाच डीएनएसचा संशय घ्या. दोष एका वेळी एका पायरीवर शोधायचा आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा प्रयोगशाळेतला नियम येथेही लागू पडतो. बदलण्याआधी जुना आकडा लिहून ठेवायचा, हाही.

आकडे बदलताना मात्र एक गोष्ट विसरू नये. २००९ मध्ये गूगलने ८.८.८.८ ही सेवा खुली केली, आणि २०१८ मध्ये क्लाउडफ्लेअरने १.१.१.१. मार्च २०१४ मध्ये तुर्कस्तानात ट्विटरवर बंदी आली, तेव्हा इस्तंबूलच्या भिंतींवर लोकांनी ८.८.८.८ हा आकडा रंगवला. कारण बंदी सुरुवातीला डीएनएसच्याच पातळीवर होती. पत्ता सांगणारा काय सांगत नाही, यालाही इतके महत्त्व असते. शिवाय पत्ता सांगणाऱ्याला आपण कोठे कोठे जातो हे कळते. पानावरील मजकूर कुलूपबंद असला, तरी ज्याला विचारले त्याला नाव ऐकू येतेच. २०१८ पासून प्रमाणित झालेली पद्धत वापरून हा प्रश्न कुलूपबंद करून पाठवता येतो. पण ते कुलूप वाटेतल्यांसाठी असते, उत्तर देणाऱ्यासाठी नव्हे. आकडा बदलणे म्हणजे विश्वासाची जागा बदलणे. ती बदलावी की नाही, हे ज्याने त्याने ठरवावे. परंतु आपण ती बदलतो आहोत, हे ठाऊक असावे. आणि राऊटरच्या पानाचा मूळ पासवर्ड मात्र सर्वांनी आजच बदलावा.

पोचपावती आल्यावर भाचीने फोन ठेवला नाही. "मावशी," ती म्हणाली, "हा नवा नंबर टाकला तो कुणाचा आहे? आणि ते आपल्याला फुकट का देतात?"

साडेअकरा वाजले होते. मी तिला म्हटले, "उद्या सांगते, नीट विचार करून." हा लेख म्हणजे त्या उत्तराचा पहिला भाग. तिच्या वहीत जुने आकडे अजून लिहिलेले आहेत. त्यांच्याखाली तिने तारीख घातली आहे, आणि 'का बदलले' असा एक रकानाही आखला आहे.